दादाच्या गालातली जखम दोन महिने झाले भरत नाहीये, तुकडा काढू द्यायचा का?

सांगोल्याचा_धाकटा :

नमस्कार मंडळी. थोडं लांबेल पण सगळं सांगतो, म्हणजे तुम्हालाही नीट सांगता येईल.

माझा थोरला भाऊ, वय ४२, ट्रकवर असतो. सोळा-सतरा वर्षं मावा खातोय, दिवसाला पाच-सहा पुड्या, आणि गाडी चालवताना झोप येऊ नये म्हणून डाव्या गालात बार भरायचा तो तासन्‌तास तसाच. गणपतीच्या आसपास म्हणायला लागला की तोंड आलंय. मेडिकलमधनं बी कॉम्प्लेक्सच्या गोळ्या आणि लावायचं जेल आणलं, मग दुसरं जेल, मग कुणी सांगितलं म्हणून हळद-तूप, असं करत दोन महिने गेले. परवा वहिनीच्या लक्षात आलं की हा भाकरी दुधात कुस्करून खातोय. ठेचा नसेल तर ताट सरकवणारा माणूस हा. विचारलं तर म्हणाला तिखट लागलं की डोळ्यातनं पाणी येतं आणि कानापर्यंत कळ जाते. मोबाईलच्या टॉर्चने बघितलं, खालच्या दाढेच्या बाजूला गालात आत रुपयाच्या नाण्यापेक्षा जरा लहान जखम आहे, कडा जाड आणि वर आलेल्या, मध्ये खड्डा, आजूबाजूचं गुलाबी जाऊन पांढरं पांढरं झालंय. तोंडही पूर्ण उघडत नाही, उभी दोन बोटं जेमतेम जातात.

तालुक्याच्या दातांच्या डॉक्टरांनी बघितल्या बघितल्या सांगितलं की बायोप्सी करायची, म्हणजे जखमेचा छोटा तुकडा काढून तपासायचा, आजच करा म्हणाले. आम्ही घरी विचारून येतो म्हणून परत आलो आणि तिथंच घोळ झाला. चुलते म्हणतात कॅन्सर असेल तर तुकडा काढला की पसरतो, एकदा हत्यार लागलं की तो चवताळतो. आमच्या गल्लीतल्या एकांचं तसंच झालं, बायोप्सी झाली आणि सहा महिन्यात माणूस गेला. आत्याच्या ओळखीचा एकजण चाळीस दिवसाचा काढा देतो, त्याने म्हणे कितीतरी जणांचं बरं झालंय. दादाला मनातनं भीती वाटतेय त्यामुळे तोही काढ्याच्याच बाजूला.

तुकडा काढल्याने खरंच पसरतो का? चाळीस दिवस थांबून बघितलं तर काय बिघडेल? आणि तसलं काही निघालंच तर माणूस बरा होतो का, केशरी कार्ड आहे, खर्चाचं कसं होतं? आईला अजून काही सांगितलेलं नाही. माहीत असणाऱ्यांनी प्लीज लिहा.

दातांची_डॉक्टर :

मी दंतवैद्य आहे, सतरा वर्षं तालुक्याच्या गावात प्रॅक्टिस करते, त्यामुळे तुम्ही जे वर्णन लिहिलंय ते तोंड मी दर महिन्याला बघते. तोंडातली कुठलीही जखम तीन आठवड्यात भरली नाही तर तिचा तुकडा तपासायचाच, त्यात मावा खाणारा माणूस, जाड कडा, कानात जाणारी कळ म्हटल्यावर तुमच्या डॉक्टरांनी आजच करा म्हटलं ते अगदी बरोबर. कॅन्सर आहेच असं मी फोटोसुद्धा न बघता म्हणणार नाही. पण नाहीये असंही तुकडा तपासल्याशिवाय कुणी म्हणू शकत नाही.

आधी बायोप्सीत काय करतात ते सांगते म्हणजे भीती निम्मी होईल. दात काढताना देतो तेच बधिर करायचं इंजेक्शन. मग जखमेच्या कडेचा, जिथे चांगली आणि खराब कातडी भेटते तिथला तुरीच्या डाळीएवढा तुकडा. एक-दोन टाके, दहा-पंधरा मिनिटं, त्याच दिवशी घरी. रिपोर्ट आठवड्याभरात येतो. यामुळे तोंडाचा कॅन्सर पसरत नाही. पसरतो तो त्याच्या स्वतःच्या चालीने, गालातनं आत स्नायूत, हाडात आणि मानेतल्या गाठींमध्ये, आणि त्याला आपण हात लावला की नाही याच्याशी त्याला काही देणंघेणं नसतं. तुमच्या गल्लीतले जे गेले त्यांची बायोप्सी झाली तेव्हा तो बहुतेक आधीच मानेत उतरलेला असणार. आपल्याकडे लोक दवाखान्यात येतातच इतक्या उशिरा की बायोप्सी आणि मरण यात अंतर कमी पडतं, आणि मग दोष बायोप्सीच्या माथी बसतो. हे मला फार लागतं, कारण या एका गैरसमजापायी बरी होण्यासारखी माणसं माझ्या डोळ्यासमोर हातची गेलीत.

चाळीस दिवसांचं विचारलंत. तोंडाच्या कॅन्सरची स्टेज ठरवताना आधी मापं बघतात, २ सेंटीमीटरच्या आत आहे का, ४ च्या आत आहे का, आणि आत किती खोल गेलाय, ५ मिलिमीटर की १० च्या पुढे. मग मानेत गाठ आहे का. यातलं प्रत्येक माप ओलांडलं की ऑपरेशन मोठं होतं आणि बरं होण्याची शक्यता कमी होते. रुपयाच्या नाण्यापेक्षा लहान म्हणताय म्हणजे आज कदाचित पहिल्या मापाच्या आसपास असेल. चाळीस दिवसांनी कुठे असेल ते मी सांगू शकत नाही, पण काढ्याने ते माप मागे येत नाही हे नक्की सांगू शकते.

दोन बोटं जातात हे तुम्ही सहज लिहिलंत पण ते महत्त्वाचं आहे. मोठ्या माणसाच्या तोंडात त्याची स्वतःची तीन बोटं उभी जायला पाहिजेत. मावा-गुटख्यातल्या सुपारीने गालाची आतली कातडी हळूहळू चिवट होते, वरनं बोट फिरवलं तर आत दोरीसारखे पट्टे लागतात, त्याला आम्ही सबम्युकस फायब्रोसिस म्हणतो. लोकांना वाटतं तंबाखू वाईट, सुपारी काय साधी. नुसती सुपारीसुद्धा कॅन्सर करते, जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने तिला २००४ साली कॅन्सरकारक जाहीर केलंय, तंबाखू नसतानाही. त्यामुळे रिपोर्ट चांगला आला तरी दादाला सहा-सहा महिन्यांनी तोंड दाखवत राहावं लागणार आणि मावा आजपासून बंद.

अजून दोन गोष्टी राहिल्या. कुणी म्हणालं की तुकडा कशाला, सगळी जखमच काढून टाकतो, तर त्याच्याकडून उठून या. अर्धवट काढलेल्या जागेवर पुढचं ऑपरेशन आखणं सर्जनला फार अवघड जातं. आणि लॅबकडून रिपोर्टच्या कागदाबरोबर तुकडा बसवलेला मेणाचा ब्लॉक आणि काचेच्या स्लाइड मागून घ्या. मोठ्या दवाखान्यात त्या परत तपासतात, नसल्या तर पुन्हा तुकडा काढायची वेळ येते.

निसर्गमित्र_७२ :

डॉक्टर मॅडम तुमचा अनुभव मोठा आहे मान्य, पण माझ्या मामांना पोटात सुई घालून तपासलं आणि त्यानंतरच सगळं वाढलं. हे आम्ही डोळ्याने बघितलंय, ते खोटं कसं म्हणायचं? सगळ्यांनाच एका मापाने मोजू नये एवढंच म्हणणं.

दातांची_डॉक्टर :

तुम्ही बघितलं ते खोटं नाही. काही जागा अशा आहेत की तिथे सुई घालताना डॉक्टरही दहा वेळा विचार करतात, लिव्हरमध्ये सुईच्या वाटेने पेशी येण्याची थोडी शक्यता असते, आणि अंडकोषाच्या गाठीला तर बाहेरून सुई घालतच नाहीत, सरळ ऑपरेशन करतात. म्हणजे हा धोका कुठे आहे ते डॉक्टर लोकांना माहीत आहे आणि तिथे ते वेगळी वाट घेतात. तोंडातल्या जखमेच्या कडेला हा प्रश्न नाही. आणि तोंडाच्या कॅन्सरला बायोप्सीचा रिपोर्ट नसेल तर कुठलाही सर्जन चाकू उचलत नाही, कुठलीही सरकारी योजना पैसे मंजूर करत नाही. तुकडा टाळला म्हणजे सगळा इलाजच टाळला.

परळची_वारी :

मी २०१९ मध्ये वडिलांना घेऊन यातनं गेलोय. तुझं लिहिलेलं वाचताना हातातला चहा तसाच राहिला. आमचेही चार महिने एका काढेवाल्याकडे गेले, दर रविवारी ऐंशी किलोमीटर गाडी मारायचो, तो नाडी बघून पुडी बदलून द्यायचा आणि म्हणायचा आतनं सुकत आलंय. सुरुवातीला गालात होतं ते चार महिन्यांनी खालच्या जबड्याच्या हाडाला लागलं होतं. त्या चार महिन्यांची किंमत म्हणजे वडिलांचा डावा जबडा. मी हे रागाने नाही लिहीत, तू थांबू नयेस म्हणून लिहितोय.

मुंबईत परळला टाटा कॅन्सर हॉस्पिटलला गेलो. पहिल्यांदा गेल्यावर ती गर्दी बघून छातीत धस्स होतं, पण तिथं सगळ्याची एक पद्धत आहे, फाईल होते, नंबर मिळतो, जनरल आणि प्रायव्हेट असे दोन प्रकार असतात, डॉक्टर दोन्हीकडे तेच, जनरलला पैसे कमी आणि थांबायला जास्त. सीटी स्कॅन झाला, मग ऑपरेशन. वडिलांचा जबडा आणि गालाचा आतला भाग काढला आणि ती जागा भरायला छातीवरचं मांस कातडीसकट मानेच्या आतनं वर नेऊन लावलं. हे कुणी आधी सांगत नाही म्हणून सांगतो, छातीवर केस असतील तर तेच केस नंतर तोंडात उगवतात. वडील घाबरून आरशात बघायचे, मी ओपीडीत विचारलं तर डॉक्टर म्हणाले लाईट, म्हणजे रेडिएशन, दिल्यावर कमी होतील, आणि झाले. दादाचं लहान असेल तर एवढं करावं लागणारही नाही कदाचित, गालातली जागा काढून आतनंच कातडी लावतात.

मानेचंही ऑपरेशन सांगतील, तेव्हा गाठ लागत नाहीये तरी मान कशाला उघडायची असं घरातले म्हणतील, आमच्याकडेही म्हणाले होते. यावर तेव्हा टाटातच असलेल्या डॉ. अनिल डिक्रूझ यांच्या टीमने मोठा अभ्यास केलाय, २०१५ ला जगभर गाजला. सुरुवातीच्या स्टेजच्या पेशंटचे दोन गट केले, एका गटात गाठ लागत नसतानाही मानेच्या गाठी आधीच काढल्या, दुसऱ्यात दिसल्यावर काढल्या. तीन वर्षांनी पहिल्या गटातले शंभरातले ८० जण जिवंत होते आणि दुसऱ्यातले साधारण ६७. आम्हाला हे तिथल्या एका तरुण डॉक्टरने कागदावर आकडे लिहून समजावलं, मग वडिलांनीच सही केली.

नंतर नाकातली नळी, साधारण तीन आठवडे. सगळं पातळ करून पिचकारीने द्यायचं, दूध, नाचणीची पेज, डाळीचं पाणी गाळून, आणि दर वेळी शेवटी साधं पाणी सोडायचं नाहीतर नळी तुंबते. मग लाईट ३०, आठवड्यातले पाच दिवस असे सहा आठवडे. ऑपरेशनपेक्षा ते दिवस जड गेले, तोंड पूर्ण सोलवटतं, चव जाते, थुंकी चिकट होऊन दोरीसारखी ओढली जाते. तेव्हा पेशंट म्हणतो बास, चल घरी. तेव्हाच सोबतच्या माणसाने खंबीर राहायचं, मध्ये लाईट बंद पडू द्यायची नाही. आम्ही दादरला गाडगे महाराजांच्या धर्मशाळेत राहिलो, स्वस्तात खोली आणि जेवण, आजूबाजूला सगळी आपल्यासारखीच माणसं, कुणी कुणाच्या तोंडाकडे वळून बघत नाही, त्याचा वडिलांना फार आधार वाटला.

आज वडील ६६ वर्षांचे आहेत. बोलणं थोडं जड येतं, फोनवर नवख्याला कळत नाही, भाकरी अजून कुस्करूनच लागते, पण सकाळी म्हशीच्या धारा तेच काढतात.

बार्शीकर_ताई :

धाकट्या भाऊ, परळला जायलाच पाहिजे असंही नाही बरं का. तुमच्या जिल्ह्यातच बार्शीला नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल आहे, तिथे टाटाच्याच पद्धतीने काम चालतं आणि देशातली खेड्यांसाठीची पहिली कॅन्सर नोंदणी १९८७ पासून तिथेच सुरू झाली. आधी तिथे दाखवा, त्यांना वाटलं तर ते पुढे पाठवतील.

खर्चाचं, महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचं ऑपरेशन, केमो, लाईट सगळं बसतं, मर्यादा आधी कुटुंबाला वर्षाला दीड लाख होती ती आता ५ लाख आहे. योजनेतल्या दवाखान्यात दारातच आरोग्यमित्राचं टेबल असतं, तिथे रेशन कार्ड आणि आधार मूळ प्रत घेऊन जायचं, झेरॉक्सवर भागत नाही. कार्डावरचं आणि आधारवरचं नाव एकच आहे का ते आजच बघून ठेवा, आमच्याकडे एका काना-मात्रेवरनं दोन दिवस गेले होते.

पण मला मुख्य लिहायचंय ते वेगळंच. तुम्ही दादाचं तोंड बघितलंत, वहिनींचं आणि आईचं बघितलंत का? माझी आई मिशरी लावायची. तंबाखू तव्यावर भाजायची, घरभर वास सुटायचा, आणि सकाळी एकदा, दुपारी कामं आवरल्यावर एकदा, रात्री एकदा बोटाने हिरडीला घासायची. तिला कुणी व्यसनी म्हटलं नाही, बायका तर मिशरीला दंतमंजनच समजतात. खालच्या ओठाच्या आत पांढरा चट्टा आला तेव्हा तिने डब्याची तपकीर बदलून बघितली, पण डॉक्टरला दाखवलं नाही. मी माहेरी गेले आणि दात दुखतो म्हणून तिला जबरदस्ती नेलं तेव्हा कळलं. नशिबाने तो नुसता चट्टा निघाला, काढून टाकला, मिशरी सुटली, चौदा वर्षं झाली, ठीक आहे. पांढऱ्या चट्ट्यापेक्षा मखमलीसारखा लाल चट्टा जास्त वाईट असतो असं तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं होतं, तेही ध्यानात ठेवा.

आणि वहिनी तिशीच्या पुढच्या असतील तर त्याच फेरीत त्यांची गर्भपिशवीच्या तोंडाची तपासणी करून घ्या. तोंड, स्तन आणि गर्भपिशवीचं तोंड, आपल्या देशात सगळ्यात जास्त सापडणारे हे तीन, आणि तिन्ही सुरुवातीला पकडता येतात. आमच्या बार्शीच्या आणि टाटाच्या लोकांनी शेजारच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आताच्या धाराशिवमध्ये, ३० ते ५९ वयाच्या एक लाखाच्या वर बायकांवर अभ्यास केला होता, एचपीव्ही नावाच्या विषाणूची आयुष्यात एकदा तपासणी केली तरी गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरचे मृत्यू निम्म्यावर येतात हे २००९ ला त्यांनी जगाला दाखवून दिलं. आपल्या गावंदरीतल्या बायकांनी, शेतातनं येऊन, लाज बाजूला ठेवून तपासून घेतलं म्हणून ते कळलं. मला त्याचा फार अभिमान आहे. छातीचं म्हणाल तर न दुखणारी गाठ, बोंड आत ओढलेलं, बोंडातनं रक्त, यातलं काहीही दिसलं तर दुखत नाही म्हणून घरी बसू नये, न दुखणारीच जास्त फसवते.

दातांची_डॉक्टर :

ताईंनी छान सांगितलं. टॉर्चवरनं आठवलं म्हणून एक सांगते, केरळात तिरुवनंतपुरमजवळ आरोग्य कार्यकर्त्यांनी घरोघर जाऊन नुसत्या टॉर्चने तोंडं तपासली होती, त्याचा निकाल २००५ ला आला, तंबाखू-दारू घेणाऱ्यांमध्ये तोंडाच्या कॅन्सरचे मृत्यू साधारण एक तृतीयांशाने कमी झाले. धाकट्याने मोबाईलच्या उजेडात जे केलं तेच हे. घरात कुणी तंबाखू, मावा, मिशरी, सुपारी काहीही घेत असेल तर महिन्यातनं एकदा बाहेर उन्हात उभं करून दोन्ही गाल, जिभेच्या दोन्ही कडा, जिभेखाली आणि ओठांच्या आत बघत जा.

सांगोल्याचा_धाकटा :

सगळ्यांचे खूप आभार. मधले दिवस लिहायला सुचलं नाही. मी परळवाल्या दादांचं लिहिलेलं भावाला मोठ्याने वाचून दाखवलं, छातीवरच्या केसांचं आलं तेव्हा त्याने शर्टाचं बटण उघडून स्वतःच्या छातीकडे बघितलं आणि काही न बोलता उठला, चप्पल घातली आणि म्हणाला चल, त्या डॉक्टरकडे जाऊ. बायोप्सी मंगळवारी झाली, खरंच पंधरा मिनिटं पण नाही लागली. चुलत्यांना मीच समजावलं, ते आता काही बोलत नाहीत, पण काल गाडीभाड्याला म्हणून दोन हजार आणून दिले.

रिपोर्ट आज आला. स्क्वॅमस सेल कार्सिनोमा लिहिलंय, मॉडरेटली डिफरन्शिएटेड, म्हणजे कॅन्सरच निघाला, मधल्या प्रकारचा. आईला आजच सांगितलं. ती रडली नाही, मिशरीचा डबा चुलीत टाकला.

बार्शीला सोमवारी जातोय. ब्लॉक आणि स्लाइड मागून घेतल्यात. एकच विचारायचंय, दादाने नऊ दिवस झाले मावा बंद केलाय पण डोकं दुखतं, चिडचिड करतो, रात्री झोपत नाही. ऑपरेशनच्या आधी एकदम बंद केलं तर चालतं ना?

दातांची_डॉक्टर :

चालतं, बंदच ठेवायचं. पहिले दोन आठवडे सगळ्यात वाईट असतात, त्यातले नऊ दिवस त्याने काढलेत. तंबाखूच्या पाकिटावर छापलेला १८००-११-२३५६ हा फुकटचा नंबर आहे, तलफ आली की दादाला स्वतः तिथे बोलू दे. निकोटीनच्या गमचं मात्र आधी बार्शीच्या डॉक्टरांना विचारा, तोंडात जखम आहे आणि जबडाही उघडत नाही.

आणि सोमवारी तिथे दातही दाखवा. लाईट लागणार असेल तर किडलेल्या, हलणाऱ्या दाढा आधीच काढाव्या लागतात, लाईटनंतर दात काढला तर जबड्याचं हाड भरून न येण्याचा धोका असतो.

परळची_वारी :

पुढे मुंबईला पाठवलं तर रेल्वेचा सवलतीचा फॉर्म दवाखान्यातनं सही-शिक्क्यासह घे, कॅन्सरच्या पेशंटला स्लीपरचं तिकीट फुकट असतं आणि सोबतच्या एकाला ७५ टक्के सवलत. कुर्डुवाडीहून रात्रीची सिद्धेश्वर धरली की सकाळी दादर. मला आधी कळव, धर्मशाळेत खोलीसाठी काय कागद लागतात ते लिहून देतो.

सांगोल्याचा_धाकटा :

कळवतो. आधार आणि रेशन कार्डावरचं नाव बघितलं, आधारवर वडिलांचं नाव चुकलंय. उद्या सकाळी सेतूत जातो.